विश्लेषण : संगणक नवा, यंत्रे जुनी… अ‍ॅडाप्टरने जोडणी कितपत शक्य?

विंडोज १० चा आधार संपल्यापासून छोटे दुकानदार, कारखानदार नवा संगणक घेत आहेत. पण त्याला जुना प्रिंटर, वजनकाटा किंवा हार्ड डिस्क जोडायला जागाच नसते. कर्जत-खालापूरसारख्या भागात हा प्रश्न थेट रोजच्या धंद्याशी निगडित आहे. काही वेळा काही शे रुपयांची केबल लाखाचे यंत्र वाचवते, काही वेळा तेच पैसे पाण्यात जातात. हा फरक कसा ओळखायचा?

हा प्रश्न आताच का?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या संगणकप्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्यामुळे संगणक बंद पडत नाही. मात्र त्याला मिळणाऱ्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या थांबतात. वाढीव मुदतीची सोय आहे, पण ती कायमची नाही. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा किंवा त्या तोडीचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचे असंख्य संगणक, चालू स्थितीत असूनही, या अटीत बसत नाहीत.

म्हणून नवा संगणक येतो. त्याला यूएसबी, एचडीएमआय आणि वायफाय असते. मात्र प्रिंटरचा लांबट २५ छिद्रांचा पोर्ट, वजनकाट्याचा ९ पिनांचा पोर्ट, निळा व्हीजीए पोर्ट, की-बोर्डचा गोल जांभळा पोर्ट यांतले बहुतेक काहीच नसते. जुने यंत्र धडधाकट असते, पण त्याची वायर हातात तशीच राहते.

कर्जत-खालापुरात याची झळ कुणाला?

खालापूर तालुक्यात खोपोली आणि पाताळगंगा औद्योगिक क्षेत्राचा परिसर कारखान्यांचा. माल भरलेला ट्रक वजनकाट्यावर चढतो, काट्याच्या डिस्प्लेवरचा आकडा संगणकात जातो आणि पावती छापली जाते. या मधल्या वायरला सीरियल केबल म्हणतात. लहान वर्कशॉपमधल्या जुन्या सीएनसी यंत्रांत प्रोग्राम भरण्यासाठीही हीच वायर वापरली जाते.

वाहतूकदार, बांधकाम साहित्याचे विक्रेते आणि घाऊक व्यापारी यांच्याकडे आजही डॉट मॅट्रिक्स प्रिंटर दिसतो. त्याच्या सुया कागदावर ठोका देतात, त्यामुळे कार्बन लावून एका वेळी तीन-चार प्रती निघतात. लेझर किंवा इंकजेट प्रिंटरला हे जमत नाही. चलनाच्या तीन प्रती लागणाऱ्याला हा प्रिंटर सोडवत नाही तो याचमुळे.

याशिवाय शाळेतला जुना प्रोजेक्टर, लग्नपत्रिका छापणाऱ्याचे मराठी फॉन्टचे सॉफ्टवेअर, फोटो स्टुडिओतल्या मिनी-डीव्ही कॅसेट आणि घराघरांत कपाटात पडलेली, फोटोंनी भरलेली जुनी हार्ड डिस्क आहेच.

पोर्ट इतके बदलले कसे?

सीरियल पोर्टचे आरएस-२३२ हे मानक १९६० मधले. त्याची सर्वाधिक प्रचलित झालेली ‘सी’ आवृत्ती १९६९ ची. प्रिंटरचा पॅरलल पोर्ट १९७० च्या आसपास सेंट्रॉनिक्स या अमेरिकी कंपनीच्या प्रिंटरपासून रूढ झाला. व्हीजीए आणि की-बोर्ड-माऊसचे गोल पीएस/२ पोर्ट आयबीएमने १९८७ मध्ये आणले. प्रत्येक कामाला वेगळा पोर्ट, अशी ही व्यवस्था होती.

जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती आली आणि सगळ्यांसाठी एकच पोर्ट ही कल्पना रुजू लागली. हार्ड डिस्कच्या बाबतीत ४० पिनांच्या रुंद आयडीई पट्टीची जागा २००३ नंतर साटा या बारीक केबलने घेतली. कारखान्यातली यंत्रे मात्र २०-२५ वर्षे चालण्यासाठी बनवलेली असतात. संगणक पाच-सात वर्षांत बदलतो. अडचणीचे मूळ या दोन आयुष्यांच्या फरकात आहे.

अ‍ॅडाप्टर नेमके काय करतो?

बाजारात सगळ्यालाच ‘कन्व्हर्टर’ म्हणतात, पण त्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. पहिला फक्त टोकाचा आकार बदलतो. उदाहरणार्थ, २५ पिनांची सीरियल वायर ९ पिनांच्या पोर्टला जोडणारा तुकडा. दोन्हीकडचे विद्युत संकेत एकाच भाषेतले असतात, म्हणून आत चिप लागत नाही.

दुसऱ्या प्रकारात भाषाच बदलावी लागते. नेरळ स्थानकाचे उदाहरण घेता येईल. मुंबईहून येणारी लोकल ब्रॉडगेजवर धावते, तर माथेरानची गाडी दोन फुटांच्या नॅरोगेजवर. रूळ जोडून गाडी पुढे नेता येत नाही. प्रवाशाला एका गाडीतून उतरून दुसरीत बसावे लागते. यूएसबी-सीरियल कन्व्हर्टरमधली चिप हेच करते. ती यूएसबीच्या पाकिटांतून येणारी माहिती उतरवून घेते आणि सीरियल वायरीवर एकेक बिट करून पाठवते.

विजेचा दाबही वेगळा असतो. यूएसबी पाच व्होल्टवर चालते, तर आरएस-२३२ मध्ये संकेत उणे आणि अधिक ३ ते १५ व्होल्टच्या दरम्यान असतात. त्यामुळे दोन्हीकडच्या वायरी नुसत्या एकमेकींना डागून काम होत नाही. उलट पोर्ट जळण्याची शक्यता असते.

वजनकाटा किंवा सीएनसी जोडताना काय पाहावे?

कन्व्हर्टर लावला आणि तरी पडद्यावर आकडा आला नाही, ही नेहमीची तक्रार. यात चिपचा दोष क्वचित असतो. चार गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

पहिली, पोर्टचा क्रमांक. कन्व्हर्टर लावल्यावर विंडोज त्याला कॉम ३, कॉम ७ असा क्रमांक देते. जुने सॉफ्टवेअर मात्र कॉम १ वरच पाहत बसते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन हा क्रमांक बदलता येतो. कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावला की क्रमांक पुन्हा बदलू शकतो, म्हणून तो कायम एकाच जागी लावावा.

दुसरी, वेग आणि मांडणी. काट्याच्या इंडिकेटरमध्ये २४००, ४८०० किंवा ९६०० असा वेग ठरलेला असतो. सोबत डेटा बिट, पॅरिटी आणि स्टॉप बिट असतात. काट्यांमध्ये बहुधा ८ डेटा बिट आणि पॅरिटी नाही अशी मांडणी असते, तर अनेक सीएनसी यंत्रांत ७ डेटा बिट आणि इव्हन पॅरिटी. दोन्ही टोकांना हे आकडे तंतोतंत सारखे हवेत. नाहीतर पडद्यावर विचित्र चिन्हे उमटतात. विचित्र चिन्हे येणे ही एका अर्थी चांगली खूण आहे : वायर जोडलेली आहे, फक्त आकडे जुळत नाहीत.

तिसरी, वायरीची जोडणी. एकाचा पाठवणारा पिन दुसऱ्याच्या घेणाऱ्या पिनला जोडावा लागतो. काही यंत्रांना सरळ केबल लागते, काहींना क्रॉस, म्हणजे २ आणि ३ क्रमांकाचे पिन अदलाबदल केलेली. काहीच दिसत नसेल तर आधी हे पाहावे. जुन्या संगणकावर चालणारी केबल फेकू नये. कन्व्हर्टर तिच्याच टोकाला लावावा.

चौथी, अंतर आणि वीज. आरएस-२३२ साठी सुमारे १५ मीटर अंतर सुरक्षित मानले जाते. यूएसबी २.० ची केबल मात्र पाच मीटरपर्यंतच. म्हणून काटा लांब असेल तर सीरियल वायर लांब ठेवावी आणि यूएसबीचा भाग आखूड. घाटाखालच्या पावसाळ्यात विजा चमकतात तेव्हा उघड्यावरून आलेल्या लांब वायरीतून जादा दाब आत येऊन पोर्ट जळू शकतो. अशा ठिकाणी ‘आयसोलेटेड’ प्रकारचा कन्व्हर्टर घ्यावा. त्यात दोन बाजूंमध्ये थेट विद्युत जोड नसतो. तो महाग असतो, पण त्यामागचा संगणक त्याहून महाग असतो.

काट्याबाबत आणखी एक बाब महत्त्वाची. व्यापारी काट्याच्या इंडिकेटरवर वैध मापन शास्त्र विभागाचे सील असते. अ‍ॅडाप्टर इंडिकेटरच्या बाहेरच्या पोर्टला लागतो, त्यासाठी सील तोडण्याची गरज नाही. कुणी आतली पट्टी बदलण्यासाठी सील काढू लागला तर थांबवावे; ते काम परवानाधारक दुरुस्तीकाराचे आणि त्यानंतर फेरपडताळणीचे आहे.

स्वस्त कन्व्हर्टर काही महिन्यांत का बंद पडतो?

कारण बहुधा नकली चिप. या कन्व्हर्टरमध्ये मुख्यतः तीन कंपन्यांच्या चिप आढळतात : स्कॉटलंडची एफटीडीआय, तैवानची प्रॉलिफिक आणि चीनमध्ये बनणारी सीएच-३४०. पहिल्या दोन्हींच्या नकला मोठ्या प्रमाणावर निघाल्या.

ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआयने विंडोज अपडेटमधून आलेल्या आपल्या नव्या ड्रायव्हरद्वारे नकली चिपचा ओळख क्रमांक शून्य करून टाकला. परिणामी काल चालणारे यंत्र आज संगणकाला ओळखू येईनासे झाले. ज्या ग्राहकांना नकलेचा पत्ताही नव्हता, तेच अडकले. टीकेनंतर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. प्रॉलिफिकच्या नव्या ड्रायव्हरने तर स्वतःच्याच काही जुन्या चिपचा आधार काढून घेतला. त्यामुळे विंडोज १० वर चाललेला कन्व्हर्टर विंडोज ११ वर पिवळे चिन्ह आणि ‘विक्रेत्याशी संपर्क साधा’ असा संदेश दाखवू शकतो.

घरी सर्किट शिकण्यासाठी स्वस्त कन्व्हर्टर चालतो. ज्या काट्यावर दिवसभर ट्रकांची रांग असते तिथे अस्सल चिपचा, बिलासह घेतलेला कन्व्हर्टरच परवडतो. लिनक्समध्ये या तिन्ही चिपचे ड्रायव्हर आधीपासून असतात. त्यामुळे चिप खरोखर बिघडली की फक्त विंडोजचा ड्रायव्हर अडला, हे लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून तपासता येते.

डॉट मॅट्रिक्स आणि मराठी डीटीपीचे काय?

प्रिंटरसाठी केबल घेण्याआधी प्रिंटरची मागची बाजू नीट पाहावी. अनेक डॉट मॅट्रिक्स प्रिंटरना पॅरललच्या शेजारी यूएसबी पोर्टही असतो आणि तो वर्षानुवर्षे न वापरलेला असतो. तसे असेल तर साधी प्रिंटर केबल पुरते.

नसेल तर यूएसबी-पॅरलल केबल मिळते. तिचे एक टोक यूएसबी, दुसरे ३६ पिनांचे. मात्र ही केबल खरा एलपीटी १ पोर्ट तयार करत नाही, फक्त यूएसबी प्रिंटर म्हणून ओळख देते. विंडोजच्या सॉफ्टवेअरमधून छपाई व्यवस्थित होते. डॉसच्या काळातले बिलिंग सॉफ्टवेअर थेट एलपीटी १ ला माहिती पाठवते, ते अडते. त्यावर उपाय म्हणजे प्रिंटर शेअर करून एलपीटी १ ची छपाई त्याच्याकडे वळवणे. संगणक दुरुस्त करणाऱ्याला हे माहीत असते. पण विंडोज ११ फक्त ६४ बिटचे आहे आणि त्यात १६ बिटचे जुने डॉस प्रोग्राम थेट चालतच नाहीत. तिथे आभासी संगणकात जुनी प्रणाली चालवावी लागते किंवा सॉफ्टवेअर बदलावे लागते.

मराठी छपाईवाल्यांसाठी एक खास इशारा. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या संगणकाच्या मागे लावलेल्या ‘डोंगल’वर, म्हणजे कुलपावर चालत. हे कुलूप पॅरलल पोर्टचे असेल तर यूएसबी-पॅरलल केबलवर ते सहसा चालत नाही, कारण ती केबल फक्त प्रिंटरशी बोलायला बनवलेली असते. इथे खरा उपाय दोनच : पॅरलल पोर्टचे कार्ड लावता येईल असा डेस्कटॉप घेणे, किंवा सॉफ्टवेअर कंपनीकडून नवी आवृत्ती घेऊन जुनी कामे युनिकोडमध्ये रूपांतरित करणे. दुसरा मार्ग वेळ खाणारा असला तरी टिकाऊ आहे.

जुन्या हार्ड डिस्क, फ्लॉपी, कॅसेटमधले फोटो निघतील?

बहुतेक वेळा निघतात; पण इथे घाई सर्वात महाग पडते. जुन्या डिस्कसाठी आयडीई आणि साटा दोन्ही चालणारा यूएसबी संच मिळतो. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात, म्हणून संचासोबत वेगळा वीजपुरवठा असलाच पाहिजे. लॅपटॉपच्या जुन्या डिस्कला ४४ पिन असतात, डेस्कटॉपच्या आयडीईला ४०. आयडीई डिस्कच्या मागचा छोटा जंपर ‘मास्टर’वर ठेवावा.

डिस्क जोडल्यावर विंडोजने ‘फॉरमॅट करायची का’ किंवा ‘इनिशिअलाइज करा’ असे विचारले तर नकार द्यावा. होकार दिल्यास काम अवघड होते. डिस्कमधून टकटक असा आवाज आला तर लगेच वीज काढावी. पुराच्या पाण्यात बुडालेली डिस्क कधीही वाळवून चालू करून पाहू नये. या दोन्ही प्रकारांत ती थेट डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्यावी.

फ्लॉपीसाठी यूएसबी ड्राइव्ह मिळतो, पण तो साडेतीन इंची, १.४४ एमबीच्या फ्लॉपीपुरताच. सव्वापाच इंची मऊ फ्लॉपी त्यात जात नाही. सोनीने जपानमधली फ्लॉपीची विक्री मार्च २०११ मध्येच थांबवली, त्यामुळे वाचन होत असेपर्यंत प्रत काढून घेणे शहाणपणाचे.

लग्नाच्या मिनी-डीव्ही कॅसेटची स्थिती अधिक नाजूक आहे. त्यातले चित्रण फायरवायर पोर्टमधून जसेच्या तसे संगणकात येते. पण अ‍ॅपलने २०२५ च्या मॅकओएस टाहोमध्ये फायरवायरचा आधार काढला. यूएसबी ते फायरवायर अशी म्हणून विकली जाणारी स्वस्त केबल फक्त टोकाचा आकार बदलते. तिने चित्रण येत नाही. डेस्कटॉपमध्ये फायरवायर कार्ड लावणे हा खात्रीचा मार्ग. व्हीएचएससाठी यूएसबी कॅप्चर कार्ड चालते. कोकणच्या दमट हवेत टेपवर बुरशी धरते. पांढरे ठिपके दिसत असतील तर कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नये, साफ करून घ्यावी.

प्रोजेक्टर आणि की-बोर्ड जोडताना चूक कुठे होते?

दिशेत. लॅपटॉपचा एचडीएमआय आणि प्रोजेक्टरचा व्हीजीए असेल तर ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ घ्यावा. ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ दिसायला सारखाच, पण उलट दिशेचा. डिजिटल संकेताचे अ‍ॅनालॉग करायला चिप लागते, म्हणून आत चिप नसलेली नुसती केबल चालत नाही. टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर काढायचे तर लॅपटॉपच्या पोर्टला ती सोय असावी लागते. प्रत्येक टाइप-सी पोर्टला ती नसते.

गोल पिनांच्या जुन्या की-बोर्डचेही तसेच. छोटा जांभळा तुकडा फक्त दोन्ही भाषा जाणणाऱ्या की-बोर्डला चालतो. खूप जुन्यासाठी चिप असलेला कन्व्हर्टर लागतो.

अ‍ॅडाप्टरने सुटत नाही असे काय?

यंत्राचा ड्रायव्हरच नव्या विंडोजसाठी बनला नसेल, तर वायर कितीही चांगली असो, उपयोग नाही. जुने स्कॅनर याचे ठळक उदाहरण. काहींना लिनक्समध्ये किंवा वेगळ्या स्कॅनिंग सॉफ्टवेअरमध्ये जीवदान मिळते. संगणकाच्या आत बसणाऱ्या खास कार्डावर चालणारी यंत्रेही बाहेरच्या अ‍ॅडाप्टरने जोडली जात नाहीत.

अशा वेळी जुना संगणक त्या एका यंत्रापुरता ठेवणे योग्य. मात्र त्याचे इंटरनेट पूर्ण तोडावे, त्यावर बँकेचे किंवा जीएसटीचे काम करू नये आणि पेन ड्राइव्ह तपासूनच लावावा. डिस्कची हुबेहूब प्रत काढून ठेवावी. यंत्र चालू असूनही डिस्क गेल्याने काम थांबणे नवे नाही.

खरेदी कुठे आणि कशी?

कर्जत-खोपोलीत साध्या केबल मिळतात. खास वस्तूंसाठी एकीकडे मुंबईतला लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि दुसरीकडे पुण्यातली तपकीर गल्ली हे जुने बाजार आहेत. निघण्यापूर्वी यंत्राचा मागचा भाग, केबलची दोन्ही टोके आणि मॉडेलची पट्टी यांचे फोटो काढावेत. पिन मोजावेत, नर की मादी ते पाहावे. सॉफ्टवेअरच्या सेटिंगच्या पानाचाही फोटो घ्यावा. जुना संगणक बंद पडल्यावर तो मिळत नाही. दुकानदाराला चिप कोणती ते विचारावे आणि परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्यावी. जमल्यास नवा संगणक घेण्याआधीच जुन्यावर कन्व्हर्टर लावून पाहावा : तिथे चालला तर यंत्र आणि केबल ठीक आहेत, हे तरी पक्के होते.

ही सोय किती वर्षांची?

कल्याण-पुणे रेल्वेमार्ग १९२९ मध्ये १५०० व्होल्ट डीसीवर विजेचा झाला. पुढे देशभर २५ हजार व्होल्ट एसी रूढ झाली, तरी मुंबईच्या मुख्य मार्गाचे रूपांतर पूर्ण व्हायला २०१५ उजाडले. मधल्या काळात दोन्ही विजांवर धावणाऱ्या इंजिनांनी गाड्या थांबू दिल्या नाहीत. अ‍ॅडाप्टरची भूमिका तशीच, बदल होईपर्यंतची.

यंत्र चांगले असेल, सुटे भाग मिळत असतील, तर अ‍ॅडाप्टर लावून ते वापरणे पैशाच्या आणि कचऱ्याच्या दोन्ही दृष्टींनी योग्य. निकामी झालेले सामान भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावे, अशी व्यवस्था १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत आहे. मात्र माहितीचा, म्हणजे हिशेबाचा, प्रोग्रामचा आणि फोटोंचा मुक्काम जुन्या यंत्रात ठेवू नये. केबल दहा वर्षांनीही मिळेल. टकटक करू लागलेली डिस्क तेवढी थांबत नाही.